घरच्या संगणकातले हरवलेले प्रोग्रॅम



शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातले सह्याद्रीच्या पायथ्याचे दोन तालुके. एकीकडे भातसा आणि तानसा यांची धरणे, दुसरीकडे माळशेज घाटाची वाट. या भागात संगणक ही आता नवलाची वस्तू राहिलेली नाही. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना २००१ साली झाली आणि तिचा एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम पुढे खेड्यापाड्यांच्या मुलामुलींपर्यंत पोहोचला. मुले शिकली, तसा हळूहळू घरातही संगणक आला. मात्र घरात येणारा संगणक बहुधा नवा नसतो. कुणा नातेवाइकाने दिलेला, एखाद्या कचेरीतून निघालेला, नाहीतर चार वर्षे वापरून कमी किमतीत घेतलेला असा तो असतो.

अशा संगणकावर एके दिवशी गणित करायचा कॅल्क्युलेटर दिसेनासा होतो. चित्रे काढायचा पेंट सापडत नाही. फोटो उघडत नाहीत. कधी मराठी लिहिण्याची सोयच गेलेली असते. मग डोळखांबचा माणूस संगणकाचा डबा गोणपाटात गुंडाळून एस.टी.ने शहापूर गाठतो. टोकावड्याचा माणूस मुरबाडला, नाहीतर थेट कल्याणला जातो. तिथे पुष्कळदा एकच उत्तर मिळते, "फॉरमॅट मारावा लागेल."

फॉरमॅट मारणे म्हणजे घरातले सामान बाहेर न काढताच घर पाडून पुन्हा बांधणे. कॅल्क्युलेटर परत येतो, पण बचत गटाचे तीन वर्षांचे हिशेब, मुलीच्या लग्नाचे फोटो आणि गेलेल्या आजोबांचे एकुलते एक चित्र हे सगळे त्यात पुसले जाऊ शकते. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, अशातला हा प्रकार. म्हणून आज आपण एवढेच पाहू, की संगणकासोबत आलेला प्रोग्रॅम दिसेनासा झाला, तर तो नेमका गेला कुठे, आणि घर न पाडता परत कसा आणावयाचा.

प्रथम एक खुलासा करतो. संगणकात विंडोज नावाची मूळ यंत्रणा असते. तिच्यासोबत काही छोटे प्रोग्रॅम आपोआप येतात. कॅल्क्युलेटर, टिपणे लिहायचे नोटपॅड, चित्रांचा पेंट आणि फोटो दाखवणारा प्रोग्रॅम हे त्यांतले. त्यांचे वेगळे पैसे पडत नाहीत. पुष्कळांचा समज असा, की वर्ड आणि एक्सेल हेही असेच सोबत येतात. तसं नाही. ते निराळे विकत घ्यावयाचे प्रोग्रॅम आहेत. ते गेले असतील, तर आजचे उपाय त्यांना लागू पडणार नाहीत.

दुसरी गोष्ट, आपल्याकडे कोणते विंडोज आहे हे ठाऊक हवे. कीबोर्डावर खाली डावीकडे खिडकीचे चित्र असलेली कळ असते. ती दाबून धरून 'आर' ही कळ दाबा. एक लहान चौकट उघडते. तिच्यात डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर अशी अक्षरे लिहून एंटर दाबा. विंडोजचे नाव पडद्यावर येते. जुन्या संगणकांवर बहुधा तीन नावे आढळतात, विंडोज एक्स्पी, विंडोज ७ आणि विंडोज १०. हे नाव कागदावर टिपून ठेवा, कारण तिघांची तऱ्हा वेगळी आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. प्रोग्रॅम 'हरवला' असे आपण म्हणतो, तेव्हा चारांपैकी एक गोष्ट झालेली असते. एक, प्रोग्रॅम जागेवर आहे, फक्त त्याची पाटी पडली आहे. दोन, तो कुणीतरी बंद करून किंवा काढून ठेवला आहे. तीन, तो बिघडला आहे. आणि चार, कंपनीनेच तो मागे घेतला आहे. या चारही गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात, पण उपाय चौघांचे चार आहेत. आधी ओळख, मग औषध.

पहिला प्रकार पाटी पडल्याचा. पडद्यावर आपण ज्या चित्रावर टिचकी मारतो, ते चित्र म्हणजे प्रोग्रॅम नव्हे. ती दारावरची नावाची पाटी आहे. लहान मुलाने ती पुसली म्हणून घरातला माणूस नाहीसा होत नाही. याची परीक्षा अगदी सोपी आहे. मघाची खिडकीची कळ आणि 'आर' दाबा. चौकटीत कॅल्क्युलेटरसाठी सी-ए-एल-सी लिहा. पेंटसाठी एम-एस-पी-ए-आय-एन-टी, आणि नोटपॅडसाठी त्याचे पुरे इंग्रजी नाव. एंटर दाबल्यावर प्रोग्रॅम उघडला, तर काहीच हरवलेले नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा! तो चालू असताना खालच्या पट्टीवर त्याचे चित्र दिसते. त्यावर माऊसची उजवी कळ दाबून 'पिन' हा शब्द असलेली ओळ निवडली, की विंडोज ७ आणि १० मध्ये ते चित्र तिथेच कायम राहते. एस.टी.चे तिकीट वाचले.

दुसरा प्रकार, बंद करून ठेवलेला प्रोग्रॅम. कचेरीतून आलेल्या संगणकावर हे नेहमी आढळते. कामाच्या वेळी कुणी पत्ते खेळू नयेत म्हणून खेळ बंद केलेले असतात. विंडोज ७ मध्ये कंट्रोल पॅनेल उघडून 'प्रोग्रॅम्स अँड फीचर्स' मध्ये जा. तिथे डाव्या बाजूला 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' अशी ओळ आहे. एक यादी उघडते. तिच्यात खेळ आहेत, गाणी आणि चित्रफिती लावणारा मीडिया प्लेअर आहे. पडद्याचा हवा तेवढा तुकडा कापून घेणारे स्निपिंग टूल याच यादीत 'टॅबलेट पीसी' या नावाच्या ओळीखाली दडलेले आहे. ज्याच्यापुढची खूण गेली असेल, तिथे खूण करा आणि थोडा वेळ थांबा. यासाठी इंटरनेट लागत नाही, कारण बंद केलेल्या प्रोग्रॅमची प्रत विंडोज ७ आपल्याच कोठारात जपून ठेवते.

विंडोज एक्स्पीमध्ये हीच सोय 'ॲड ऑर रिमूव्ह प्रोग्रॅम्स' मधल्या 'विंडोज कंपोनन्ट्स' या भागात आहे. कॅल्क्युलेटर आणि पेंट तिथे 'ॲक्सेसरीज' या नावाखाली सापडतात. मात्र एक्स्पी बहुधा मूळ सी.डी. मागते. म्हणून जुना संगणक घेताना देणाऱ्याला विचारा, "सीडी आहे का हो?" ती चकती जमिनीच्या कागदपत्रांसारखी जपावी.

विंडोज १० ची तऱ्हा निराळी. त्यात कॅल्क्युलेटर आणि फोटो हे प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्ट स्टोअर नावाच्या दुकानातून येतात. दुकान म्हटले तरी या दोहोंना पैसे पडत नाहीत. स्टोअर उघडून प्रोग्रॅमचे नाव शोधा आणि पुन्हा घ्या. पेंट आणि नोटपॅड मात्र २०२० च्या मे महिन्यातल्या आवृत्तीपासून 'ऑप्शनल फीचर्स', म्हणजे ऐच्छिक सोयी, या यादीत ठेवले आहेत. सेटिंग्ज, मग ॲप्स, मग ऑप्शनल फीचर्स, मग 'ॲड अ फीचर' अशी ती वाट आहे. येथे इंटरनेट लागते. घरात तारेचे इंटरनेट नसले, तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावून काम भागते.

इथे पुष्कळांची एक अडचण होते. मोबाइलचे इंटरनेट नीट चालते, पण संगणकावर स्टोअर काही उघडत नाही. अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहा. संगणकाच्या आत रुपयाएवढा एक सेल असतो. त्याला सी.आर. २०३२ म्हणतात. वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. जुन्या संगणकात तो संपलेला असतो आणि तारीख काही वर्षे मागे जाते. तारीख चुकली, की स्टोअर आणि बँकेसारखी सुरक्षित संकेतस्थळे संगणकाला ओळख देत नाहीत. तारीख दुरुस्त करा. रोज रोज ती मागे पडत असेल, तर सेल बदलून घ्या. हा सेल स्वस्त असतो आणि घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

तिसरा प्रकार, प्रोग्रॅम बिघडल्याचा. टिचकी मारावी तर चूक झाल्याची इंग्रजी सूचना येते, किंवा खिडकी उघडून लगेच मिटते. आपल्या भागात याचे एक ठळक कारण म्हणजे वीज. पावसाळ्यात वादळवारा सुटला, की दिवे केव्हा जातील याचा नेम नसतो. संगणक काही लिहीत असतानाच वीज गेली, तर लिहिणे अर्धवट राहते आणि फाईल बिघडते. विषाणू हे दुसरे कारण. कधी विषाणू मारणारा प्रोग्रॅमच संशय घेऊन चांगला प्रोग्रॅम कोंडून ठेवतो. म्हणून त्याची 'क्वारंटाइन' नावाची यादी आधी पाहावी.

बिघाडावर विंडोजमध्येच एक उपाय दिलेला आहे. स्टार्टमध्ये सी-एम-डी ही अक्षरे लिहा. जे नाव वर येईल, त्यावर उजवी कळ दाबून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. काळी चौकट उघडेल. तिच्यात एस-एफ-सी लिहा, एक जागा मोकळी सोडा, मग उजवीकडे झुकणारी तिरपी रेघ द्या आणि तिला लागूनच एस-सी-ए-एन-एन-ओ-डब्ल्यू ही अक्षरे लिहून एंटर दाबा. जुन्या संगणकाला याला अर्धा तास किंवा जास्तही लागतो. मध्ये बंद करू नका.

या वेळात आत काय चालते? शेतकऱ्याला हे चटकन उमजेल. रोपे किडीने गेली, तर आपण घरातल्या कणगीतले राखून ठेवलेले बियाणे काढतो. विंडोजही आपल्या कोठारात प्रत्येक मूळ फाईलची चांगली प्रत बियाण्यासारखी राखून ठेवते. ही आज्ञा एकेक फाईल तपासते आणि बिघडलेलीच्या जागी कोठारातली चांगली आणून बसवते. आपले फोटो, हिशेब, पत्रे यांना ती हातही लावत नाही.

पण समजा, कणगीतल्या बियाण्यालाच कीड लागली, तर? मग बियाणे बाहेरून आणावे लागते. विंडोज १० मध्ये त्यासाठी दुसरी आज्ञा आहे. त्याच काळ्या चौकटीत डी-आय-एस-एम लिहा. पुढे तीन शब्द येतात, ऑनलाइन, क्लीनअप-इमेज आणि रिस्टोअरहेल्थ. प्रत्येकाच्या आधी एक मोकळी जागा आणि तिरपी रेघ द्यावयाची. क्लीनअप आणि इमेज यांच्यामध्ये आडवी रेघ आहे. रिस्टोअरहेल्थ हा सलग एकच शब्द लिहावा. ही आज्ञा इंटरनेटवरून मायक्रोसॉफ्टच्या भांडारातून चांगल्या प्रती आणते. ती पुरी झाली, की मघाची पहिली आज्ञा पुन्हा एकदा द्यावी. स्टोअरमधून आलेल्या प्रोग्रॅमना मात्र ही तपासणी लागू होत नाही. त्यांच्यासाठी सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत तो प्रोग्रॅम निवडून 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडा. तिथे 'रिपेअर' आणि 'रीसेट' अशी दोन बटणे असतात. आधी रिपेअर. रीसेट केल्यास त्या प्रोग्रॅमने स्वतःत साठवलेली माहिती पुसली जाते.

चौथा प्रकार समजून घेणे सर्वांत महत्त्वाचे, कारण तिथे शोधण्यात वेळ फुकट जातो. काही प्रोग्रॅम कंपनीने स्वतःच बंद केले आहेत. विंडोज ७ चा संगणक कुणी विंडोज १० वर नेला, की मीडिया सेंटर आणि जुने पत्त्यांचे खेळ त्यात राहत नाहीत. चित्रफिती जोडणारा मूव्ही मेकर देणे कंपनीने २०१७ च्या जानेवारीत थांबवले. इंटरनेट एक्सप्लोररला २०२२ च्या जून महिन्यात निरोप दिला गेला. अर्ज आणि पत्रे लिहिण्यासाठी कित्येकांनी वापरलेले वर्डपॅड विंडोज ११ मधून २०२४ साली काढण्यात आले. अशा वेळी दुसरा पर्याय घ्यावा. वर्डपॅडची जुनी पत्रे लिबर ऑफिस या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडतात. चित्रफिती आणि डी.व्ही.डी. पाहण्यास व्ही.एल.सी. हा मोफत प्रोग्रॅम आहे. मात्र हे प्रोग्रॅम त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. 'जुना कॅल्क्युलेटर फुकट' अशी जाहिरात करणाऱ्या अनोळखी जागी पुष्कळदा विषाणूच पदरात पडतो.

आता मराठीचा प्रश्न. आपल्या लोकांना सर्वांत जास्त अडते ते इथेच. ग्रामपंचायतीला अर्ज लिहावयाचा आहे आणि अक्षरे फुटतात, जोडाक्षरे सुटी होतात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी असावयास हवी, ती नंतर पडते. याचा अर्थ संगणक बिघडला असा नव्हे. विंडोज एक्स्पीत देवनागरी जुळवण्याची सोय मुळात चालूच केलेली नसते. कंट्रोल पॅनेलमध्ये 'रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स' मध्ये भाषांचे पान आहे. तिथे 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' असे शब्द असलेल्या ओळीपुढे खूण करून सी.डी. द्यावी लागते. विंडोज ७ पासून ही जुळणी आधीच असते. तिथे फक्त मराठी कीबोर्ड यादीत जोडावयाचा.

विंडोज १० मध्ये आणखी एक गंमत आहे. पुष्कळ जुनी मराठी पत्रे 'मंगल' नावाच्या टंकात लिहिलेली असतात. विंडोज १० मध्ये नेहमीचा टंक 'निर्मला' आहे, आणि मंगल हा ऐच्छिक सोयींत गेला आहे. तो 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' या नावाने मघाच्याच 'ऑप्शनल फीचर्स' च्या वाटेने परत आणता येतो. त्यासोबत कोकिळा, उत्साह, अपराजिता हे टंकही येतात.

मराठी सोय नीट बसली की नाही, याची एक छोटी परीक्षा सांगतो. मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड निवडा, नोटपॅड उघडा, 'के' ही कळ दाबा आणि मग 'एफ' दाबा. पडद्यावर 'कि' उमटावयास हवा. वेलांटी क च्या आधी उभी असेल, तर सारे ठीक आहे. मात्र एखादी जुनी फाईल उघडल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसला, तर गोष्ट वेगळी. ती फाईल कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या टंकात लिहिलेली असते. ते टंक विंडोजचा भाग कधीच नव्हते. ते वेगळे मिळवावे लागतात.

आता तुम्ही म्हणाल, "एवढं सगळं करूनही जमलं नाही, तर?" तरीही फॉरमॅट हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे. विंडोजमध्ये 'सिस्टम रिस्टोअर' आहे. आधीच्या एखाद्या तारखेची नोंद साठलेली असेल, तर ते यंत्रणेला त्या तारखेच्या स्थितीत नेते. आपल्या फाईली तशाच राहतात. मात्र त्या तारखेनंतर बसवलेले प्रोग्रॅम निघून जातात. विंडोज १० मध्ये याहून मोठा उपाय 'रीसेट धिस पीसी' हा आहे. त्यात 'कीप माय फाइल्स', म्हणजे माझ्या फाईली ठेवा, हाच पर्याय निवडावा. वेगळे बसवलेले प्रोग्रॅम यातही जातात. त्यांची यादी संगणक पडद्यावर ठेवतो.

हे दोन्ही उपाय करण्यापूर्वी, किंवा संगणक दुरुस्तीला देण्यापूर्वी, आपले फोटो, हिशेब आणि पत्रे पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. उतरवल्यावर तो ड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर लावून चार फाईली उघडून पाहा. एका जागी ठेवलेली वस्तू म्हणजे न ठेवलेलीच. कॅल्क्युलेटर अर्ध्या तासात परत मिळतो, आजोबांचा फोटो मिळत नाही. दुरुस्ती करणाऱ्यालाही आधी विचारा, "फाईली राहतील ना?" आणि त्याचे उत्तर कागदावर घ्या.

शेवटी एक इशारा. कंपनीने विंडोज एक्स्पीच्या सुधारणा ८ एप्रिल २०१४ ला थांबवल्या, आणि विंडोज ७ च्या १४ जानेवारी २०२० ला. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. असे संगणक उद्या बंद पडणार आहेत असे नाही. मुलांचा अभ्यास, पत्रलेखन, हिशेब, जुने फोटो यांसाठी ते अजून चांगले उपयोगी आहेत. पण एक्स्पी किंवा ७ असलेल्या संगणकावर बँकेचे व्यवहार करू नयेत. जुन्या बैलाला हलके काम द्यावे, घाट चढायला लावू नये.

तेव्हा पुढच्या वेळी प्रोग्रॅम दिसेनासा झाला, तर स्वतःला चार प्रश्न विचारा. पाटी पडली आहे का? कुणी बंद केला आहे का? बिघडला आहे का? की कंपनीनेच मागे घेतला आहे? बहुतेक वेळा उत्तर पहिल्या दोनांतच सापडते. ते घरच्या घरी करता येते आणि त्याला एक पैसा पडत नाही. घरातल्या शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला शेजारी बसवा, चारही प्रश्न वहीत लिहून संगणकापाशी ठेवा, आणि पहिले काम म्हणून आज संध्याकाळीच फोटोंची एक प्रत काढून घ्या.